ई-रीडर घेताना फॉरमॅटच्या यादीआधी आपल्या फायली तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संगणकावर सातआठशे पुस्तकं साठली आहेत. बरीचशी ईपब आणि पीडीएफ, काही जुन्या मोबी, थोड्या डीजेव्हीयू (स्कॅन केलेल्या पुस्तकांचा फॉरमॅट), काही कॉमिक्स सीबीझेडमध्ये. निम्म्याहून अधिक मराठी. काही विकत घेतलेली, काही मुक्त संग्रहांतून उतरवलेली. हे सगळं ज्यावर चालेल असं एकच रीडर कोणतं, आणि सहा इंची पडदा पुरेल का?

सर्वांत जास्त फॉरमॅट चालणारं यंत्र शोधणं सोपं आहे, पण तुमचा प्रश्न त्याने सुटणार नाही. फॉरमॅट ही यातली सगळ्यात हलकी अडचण आहे, कारण बहुतेक फॉरमॅट एकमेकांत फुकट बदलता येतात. बदलता येत नाहीत त्या गोष्टी तीन: विकत घेतलेल्या फायलीवरचं कुलूप, पीडीएफच्या पानाचा आकार आणि देवनागरीची मांडणी. कुलूप कोणत्या कंपनीचं यंत्र घ्यायचं ते ठरवतं, पीडीएफ पडद्याचा आकार ठरवते, आणि लिपीमुळे कोणतं वाचन-सॉफ्टवेअर लागेल ते ठरतं. या तिन्हींची उत्तरं खोक्यावरच्या यादीत नसतात, तुमच्या फायलींत असतात.

आधी त्या यादीबद्दल. ‘अमुक फॉरमॅट चालतो’ याचे प्रत्यक्षात तीन अर्थ होतात. पहिला, फाइल केबलने टाकली की लगेच उघडते. दुसरा, मध्ये रूपांतर होऊन उघडते. ॲमेझॉनच्या किंडलवर ईपब अशी चालते. यूएसबीने ईपब कॉपी केलीत तर ती पुस्तकांच्या यादीत दिसतच नाही. ‘सेंड टू किंडल’ या ॲमेझॉनच्या सेवेतून पाठवलीत तर ॲमेझॉनच्या सर्व्हरवर तिचं रूपांतर होतं आणि मग ती यंत्रावर उतरते. ही सोय २०२२ पासून आहे आणि बहुतेकदा नीट चालते, पण त्यात खातं लागतं, इंटरनेट लागतं आणि फाइलच्या आकाराला मर्यादा आहे: ईमेलने ५० एमबी, वेबवरून २०० एमबी. तिसरा अर्थ सगळ्यात फसवा. फाइल उघडते, पण वाचता येत नाही. सहा इंची पडद्यावरची ए-४ पीडीएफ या प्रकारात मोडते. म्हणून यादी वाचताना प्रत्येक फॉरमॅटपुढे यांपैकी कोणता अर्थ लागू आहे ते विचारायचं.

आता कुलूप, म्हणजे डीआरएम: फाइल ठरावीक यंत्रांवर किंवा खात्यातच उघडू देणारी तजवीज. विकत घेतलेली पुस्तकं वेगळी काढा आणि ती कुठून घेतली ते बघा. ॲमेझॉनचं कुलूप फक्त किंडल यंत्रं आणि किंडल ॲप उघडतात. विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात टाकण्याचा पर्याय ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केला, त्यामुळे ती पुस्तकं त्या घराबाहेर नेण्याचा सरळ रस्ता उरलेला नाही. ॲपलच्या दुकानातली कुलूपबंद पुस्तकं ॲपलच्याच उपकरणांवर राहतात. बाकीची बरीच दुकानं आणि डिजिटल ग्रंथालयं अडोबीचं कुलूप वापरतात. ते कोबो आणि पॉकेटबुक या कंपन्यांचे रीडर उघडतात, किंडल उघडत नाही.

अडोबीच्या बाबतीत एक गोंधळ वारंवार होतो. पुस्तक उतरवलं की हातात एसीएसएम नावाची काही केबींची फाइल येते, ती रीडरवर टाकली जाते आणि ‘फाइल खराब आहे’ असा निष्कर्ष निघतो. त्या फाइलमध्ये पुस्तक नसतंच, फक्त परवाना असतो. संगणकावर अडोबी डिजिटल एडिशन्स घालायचं, त्यात आपलं अडोबी खातं नोंदवायचं, एसीएसएम त्यात उघडायची, म्हणजे खरी ईपब किंवा पीडीएफ उतरते. मग रीडर केबलने जोडून त्याच सॉफ्टवेअरमधून पुस्तक त्यावर न्यायचं. नुसती कॉपी-पेस्ट केली तर रीडर त्या खात्याशी जोडला जात नाही आणि पुस्तक बंदच राहतं.

एखाद्या ईपबला कुलूप आहे की नाही हे कळत नसेल तर ती उघडून बघा. ईपब म्हणजे झिप केलेलं एक छोटं संकेतस्थळच असतं. फाइलची प्रत काढा, प्रतीच्या नावातला शेवटचा भाग ईपबऐवजी झिप करा आणि उघडा. आत मेटा-आयएनएफ नावाचा फोल्डर असतो. त्यात फक्त ‘कंटेनर’ नावाची फाइल असेल तर पुस्तक मोकळं आहे. ‘राइट्स’ आणि ‘एन्क्रिप्शन’ या दोन्ही एक्सएमएल फायली असतील तर अडोबीचं कुलूप. ‘लायसन्स’ नावाची एलसीपीएल फाइल असेल तर एलसीपी हे दुसरं कुलूप, जे काही युरोपीय दुकानं आणि ग्रंथालयं वापरतात. ‘सिन्फ’ दिसलं तर ॲपल. एकटी ‘एन्क्रिप्शन’ फाइल दिसली तर घाबरू नका, पुष्कळदा आत घातलेला फॉन्ट झाकण्यापुरतीच ती असते. कुलूप तोडायचे मार्ग मी सांगणार नाही. यंत्र निवडताना ते आहे तसंच राहणार असं धरून हिशेब करा.

आतून बघितल्याचा आणखी एक फायदा आहे. काही ईपबमध्ये मजकूर नसतोच, प्रत्येक पानाचं जेपीईजी चित्र ठेवलेलं असतं. तशी फाइल नावाने ईपब असली तरी वागणुकीने स्कॅन पीडीएफच असते. अक्षर मोठं करता येत नाही, फॉन्ट बदलता येत नाही. मुलांची सचित्र पुस्तकं आणि पाठ्यपुस्तकं यांतल्या स्थिर मांडणीच्या ईपबही अशाच वागतात. त्या मोजताना पीडीएफच्या गटात टाका.

आता पीडीएफ. इथे थोडं थांबायला हवं, कारण चुकीची खरेदी बहुतेक इथेच होते. पीडीएफमध्ये परिच्छेद नसतात. कोणतं अक्षर कागदावर नेमकं कुठे छापायचं एवढंच त्यात लिहिलेलं असतं. त्यामुळे पडदा लहान असला तर अख्खं पान आक्रसतं, मजकूर नव्याने ओळी करून बसत नाही. किती आक्रसेल हे घेण्याआधी मोजता येतं.

३०० पीपीआयचा (दर इंचाला ३०० ठिपक्यांचा) सहा इंची पडदा साधारण ९१ बाय १२२ मिलिमीटर असतो. सात इंची १०७ बाय १४२. ७.८ इंची ११९ बाय १५८. १०.३ इंची १५७ बाय २१०, म्हणजे जवळपास ए-५ कागद. १३.३ इंची २०२ बाय २७०. ए-४ पान २१० बाय २९७ मिलिमीटरचं. समास कापून टाकले तर मजकुराचा चौकोन सुमारे १७० बाय २५७ उरतो. तो सहा इंचांवर पूर्ण बसवायचा तर ४८ टक्क्यांवर येतो. मूळ अक्षर ११ पॉइंटचं असेल तर पडद्यावर ते सव्वापाच पॉइंटचं होतं. ७.८ इंचांवर तेच पावणेसात, १०.३ वर नऊ, आणि १३.३ वर मूळ आकाराचं. रोमन मजकूर साडेसात-आठ पॉइंटपर्यंत कसाबसा वाचता येतो. देवनागरीत वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असल्याने मधल्या अक्षराला जागा कमी उरते, म्हणून मी साडेआठच्या खाली जाऊ नका असंच सांगतो.

पण सगळ्या पीडीएफ ए-४ नसतात, आणि तुमच्या बाबतीत हेच महत्त्वाचं आहे. मराठी कथा-कादंबऱ्यांची स्कॅन केलेली पानं बहुधा डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांची असतात. समास कापल्यावर मजकूर सुमारे १०५ बाय १७० मिलिमीटर राहतो. मूळ अक्षर १२ पॉइंट धरलं तर सहा इंचांवर ते साडेआठ पॉइंटच्या जरा वर दिसेल, सात इंचांवर दहा, ७.८ इंचांवर अकराच्या वर. म्हणजे कादंबऱ्यांच्या स्कॅनसाठी सात ते आठ इंच पुरतात, अहवाल, शोधनिबंध आणि ए-४ वरच्या नोट्ससाठी ते पुरत नाहीत. संगणकावर पीडीएफ उघडून ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’मध्ये पानाचं माप बघा, दहा-वीस फायली पाहिल्यात तरी अंदाज येईल. फक्त स्कॅन करणाऱ्याने माप चुकीचं भरलेलं असू शकतं, तेव्हा छापील पुस्तक हाताशी असेल तर पट्टीने मोजलेलं बरं.

मोठा पडदा घ्यायचा नसेल तर तीन उपाय आहेत. पहिला, समास कापणं. ही सोय रीडरमध्ये असते. ती सम आणि विषम पानांना वेगळी लावता येते का ते बघा, कारण स्कॅनमध्ये डाव्या-उजव्या पानांचे समास वेगळे असतात. दुसरा, यंत्र आडवं धरून पान दोन-तीन टप्प्यांत वाचणं. सहा इंची आडव्या पडद्यावर ए-४ चा मजकूर ७२ टक्क्यांवर जातो, ११ चं अक्षर आठ पॉइंटच्या जरा खाली राहतं. कामचलाऊ आहे, पण तळटिपा आणि तक्ते असले की पानात मागे-पुढे जाऊन जीव दमतो. तिसरा उपाय के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाच्या मोफत साधनाचा. ते पानातल्या शब्दांची चित्रं कापतं आणि तुमच्या पडद्याच्या रुंदीला नव्याने ओळीत मांडतं. मजकूर ओळखावा लागत नाही, त्यामुळे कोणतीही लिपी आणि जुनं स्कॅनही त्याला चालतं. तयार झालेल्या फाइलमध्ये अक्षराचा आकार मात्र कायमचा ठरलेला असतो, म्हणून आधी पाच-सहा पानांवर प्रयोग करून मगच अख्खं पुस्तक लावा. कविता, तक्ते आणि गणित यात विस्कटतात.

‘पीडीएफची ईपब करून घेतो’ असं बरेच जण ठरवतात. कॅलिबर या ई-पुस्तकं सांभाळायच्या आणि बदलायच्या मोफत सॉफ्टवेअरने ती होते, पण पानाच्या माथ्यावरचं प्रकरणाचं नाव आणि पानाचा आकडा वाक्याच्या मध्येच येऊन पडतात, ओळी नको तिथे तुटतात, दोन स्तंभांचा मजकूर एकमेकांत मिसळतो. गोष्टीचं साधं एकस्तंभी पुस्तक असेल तर थोडी साफसफाई करून ठीक होतं. मराठी पीडीएफच्या बाबतीत त्याही आधी एक तपासणी करावी लागते.

ती अशी. पीडीएफमधला एक परिच्छेद निवडा, कॉपी करा आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवा. शुद्ध देवनागरी उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, रूपांतर करायला हरकत नाही. देवनागरी आली पण वेलांट्या जागच्या हललेल्या आणि जोडाक्षरांतली अक्षरं गळालेली असतील, तर पीडीएफ बनवताना अक्षरांची नोंद नीट झालेली नाही. अशा फाइलची ईपब दर ओळीला चुका घेऊन येते. रोमन अक्षरं, आकडे आणि चिन्हांची खिचडी उमटली तर पुस्तक युनिकोडपूर्व फॉन्टात जुळवलेलं आहे. श्री-लिपी किंवा डीव्हीबी-टीटी घराण्यातल्या फॉन्टांत जुळवलेल्या पुष्कळ जुन्या फायली अशाच असतात: रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवलेलं, म्हणून पडद्यावर मराठी दिसते पण आत मराठी नसते. त्याच फॉन्टासाठी बनवलेलं रूपांतरसाधन लागतं, दुसऱ्या फॉन्टाचं चालत नाही. आणि काहीच निवडता आलं नाही तर ते स्कॅन आहे, तिथे ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारं साधन लागेल. टेसरॅक्ट या मोफत ओसीआरमध्ये मराठीची सोय आहे. ३०० डीपीआयचं स्वच्छ, सरळ स्कॅन दिलं तर निकाल बरा येतो, पण ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होत राहते आणि मुद्रितशोधनाला पर्याय नाही. एखाद्या आवडत्या पुस्तकासाठी हे कष्ट घ्यावेत. शेकडो पुस्तकांसाठी पान आहे तसं नीट दाखवणारा पडदा घेणं शहाणपणाचं.

लिपीची दुसरी बाजू यंत्रातली. फाइल निर्दोष असली तरी रीडरचं सॉफ्टवेअर देवनागरी जुळवू शकलं पाहिजे. ‘वि’ साठवताना आधी ‘व’ असतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी. दाखवताना ती वेलांटी उलट आधी आणावी लागते. रफार मागच्या अक्षराकडून उचलून पुढच्याच्या डोक्यावर ठेवावा लागतो. हे काम न करणाऱ्या इंजिनात (म्हणजे मजकूर पडद्यावर जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भागात) वेलांट्या उजवीकडे जातात, जोडाक्षरं सुटून पायमोडके हलंत दिसतात. म्हणून चाचणीसाठी एक पानभर ईपब करून ठेवा आणि त्यात हे शब्द घाला: विद्यार्थ्यांनी, दुसऱ्याच्या, तऱ्हा, उद्ध्वस्त, क्लिष्ट, राष्ट्रीय, शृंगार, हृदय, ॲसिड, कॅलेंडर, ऑक्टोबर. ‘दुसऱ्याच्या’मधला आडवा र आणि ‘ॲ’ ही मराठीची खास परीक्षा आहे. हिंदी मजकूर दिसला म्हणजे मराठीही दिसेल असं नाही. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फॉन्टात त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो.

चौकोन दिसत असतील तर दोष फॉन्टाचा. तो सुटतो. वेलांट्या चुकीच्या जागी असतील तर दोष इंजिनाचा, तो फॉन्ट बदलून सुटत नाही. हा फरक ओळखता आला की निम्मी डोकेदुखी संपते. फॉन्टासाठी नोटो सेरिफ देवनागरी, मुक्ता किंवा शोभिका यांच्यापैकी एखादा उतरवा. साध्या आणि ठळक वजनाच्या वेगवेगळ्या टीटीएफ किंवा ओटीएफ फायली घ्या. एकाच फाइलमध्ये सगळी वजनं असलेला व्हेरिएबल फॉन्ट अनेक रीडरांना झेपत नाही. केबल जोडून त्या फॉन्टच्या फोल्डरात टाका. किंडल आणि कोबोवर तो ‘फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर यंत्राच्या मुळाशी असतो (कोबोवर नसला तर तयार करा), पॉकेटबुकवर ‘सिस्टिम’ फोल्डरच्या आत. मग वाचताना पुस्तकाच्या सेटिंगमध्ये तो फॉन्ट निवडायचा. ठळक वजन वेगळं का घ्यायचं? ते नसलं की यंत्र साध्या अक्षरालाच जाड करतं आणि ‘क्ष’, ‘श्र’ यांच्या पोटातली जागा भरून जाते.

इंजिनाच्या बाबतीत कोबोवर एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे साधी ईपब आणि केपब ही कोबोची स्वतःची आवृत्ती यांना दोन वेगवेगळी इंजिनं हाताळतात. एकीत देवनागरी बिघडली तर फाइल केपब करून बघा. कॅलिबरच्या नव्या आवृत्त्या हे रूपांतर स्वतःच करतात. त्यानेही जमलं नाही तर केओरीडर हे मोफत, मुक्त स्रोताचं वाचन-सॉफ्टवेअर घाला. ते कोबो, पॉकेटबुक आणि अँड्रॉइडवर चालतं, देवनागरी नीट जुळवतं, ईपब, पीडीएफ, डीजेव्हीयू, सीबीझेड, एफबी२, मोबी उघडतं, आणि पीडीएफची शब्द कापून फेरमांडणीही त्यातच आहे. तुमच्यासारखा मिश्र संग्रह असणाऱ्याला मी हे आवर्जून सुचवतो, कारण यामुळे यंत्राच्या स्वतःच्या फॉरमॅट-यादीला फारसा अर्थ उरत नाही. शिकायला एक-दोन संध्याकाळी जातील. कुलूपबंद पुस्तकं मात्र त्यात उघडत नाहीत, त्यांच्यासाठी यंत्राचं मूळ सॉफ्टवेअरच वापरायचं.

ईपबच्या आतल्या दोन बारीक नोंदींनी मराठीत बरंच बिघडतं. एक, पुस्तकाचा भाषा-संकेत. तो इंग्रजीचा ठेवलेला असतो किंवा हिंदीचा. कॅलिबरमध्ये पुस्तकाच्या माहितीत भाषा ‘मराठी’ करा. ज्या फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपं वेगळी दिलेली असतात, तिथे इंजिनाला ती या संकेतावरूनच कळतात. दोन, अक्षरसंकेतनाची घोषणा, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कोणत्या पद्धतीने साठवली आहेत याची नोंद. आतल्या प्रत्येक प्रकरणाच्या फाइलच्या पहिल्या ओळीत यूटीएफ-८ लिहिलेलं नसेल, तर ‘सेंड टू किंडल’ मजकूर भलत्याच संकेतनात धरतं आणि मराठीऐवजी चिन्हांचा ढीग येतो. अशी फाइल कॅलिबरने ईपबची पुन्हा ईपब केलीत की ती ओळ लागते आणि अडचण मिटते. आणि मोठ्या अक्षरात वाचणार असाल तर दोन्ही कडा सरळ ठेवण्याची सेटिंग बंद करा. मराठी शब्द लांब, ते ओळीच्या शेवटी तोडायची सोय बहुधा नसते, त्यामुळे शब्दांमध्ये भगदाडं पडतात.

उरलेले फॉरमॅट झटपट. मोबीसाठी यंत्र शोधू नका. मोबीपॉकेट कंपनी ॲमेझॉनने २००५ मध्ये घेतली, आणि आता ‘सेंड टू किंडल’सुद्धा मोबी स्वीकारत नाही. जुन्या मोबीत फॉन्ट आत घालता येत नाही, हे मराठीला मारकच आहे. सगळ्या मोबी कॅलिबरने एकगठ्ठा ईपब करून टाका. किंडलवर केबलने द्यायच्या असतील तर एझेडडब्ल्यू३ या किंडलच्या फॉरमॅटमध्ये करा. डीजेव्हीयू पॉकेटबुक मुळातच उघडतं, कोबो आणि किंडल उघडत नाहीत. केओरीडर नको असेल तर तिची पीडीएफ करता येते, फक्त आकार कितीतरी पटींनी फुगतो. सीबीझेड म्हणजे चित्रांची झिप. किंडलला ती आधी बदलून द्यावी लागते, बाकीचे सरळ उघडतात. रंगीत कॉमिक्ससाठी रंगीत ई-इंकचा (ई-रीडरच्या कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचा) विचार असेल तर हे जाणून घ्या: कॅलिडो ३ पडद्यावर काळंपांढरं ३०० पीपीआय असतं, रंग १५० पीपीआयचा, आणि पडद्याचा पांढरा रंग साध्या पडद्यापेक्षा मळकट दिसतो. मजकूरच वाचायचा असेल तर काळापांढराच घ्या.

साठवणक्षमतेची चिंता करू नका. चित्रं नसलेली ईपब एक-दोन एमबीची असते. जाड स्कॅन १००-२०० एमबीचं होतं आणि तिथे खरी परीक्षा रॅमची असते: पान उलटायला चार सेकंद लागतात, मध्येच सॉफ्टवेअर बंद पडतं. घेण्याआधी आपलं सगळ्यात जड स्कॅन त्यावर उघडून वीस पानं सलग उलटता आली तर उत्तम.

यंत्रांबद्दल माझं मत असं. विकत घेतलेली पुस्तकं बहुतेक ॲमेझॉनची असतील तर किंडल घ्या. बाकीच्या ईपब ‘सेंड टू किंडल’ने पाठवता येतील. २०२४ पासूनची किंडल संगणकाला एमटीपी पद्धतीने जोडली जातात. विंडोजवर फरक पडत नाही, मॅकवर मात्र फायली बघायला वेगळं सॉफ्टवेअर किंवा कॅलिबर लागतं. ॲमेझॉनशी संबंध नसेल किंवा ग्रंथालयाची पुस्तकं वाचायची असतील तर कोबो किंवा पॉकेटबुक. दोन-तीन दुकानांची कुलूपं एकत्र आली असतील तर अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक रीडर, उदाहरणार्थ ओनिक्स बूक्स, कारण त्यावर प्रत्येक दुकानाचं ॲप घालता येतं. त्याची किंमत बॅटरीत मोजावी लागते. साधा रीडर आठवडे चालतो, हा काही दिवस. शिवाय अँड्रॉइडची आवृत्ती जुनी झाली की ॲप एकेक करून साथ सोडतात.

तुम्ही लिहिलंय त्यावरून, म्हणजे बहुतेक मोकळ्या ईपब, भरपूर मराठी स्कॅन आणि थोड्या डीजेव्हीयू, तुमच्यासाठी ७ ते ८ इंची, काळंपांढरं, ईपब मुळातून उघडणारं आणि केओरीडर चालणारं यंत्र योग्य. सहा इंची घेऊ नका. कादंबऱ्यांचे स्कॅन त्यावर जेमतेम वाचता येतील आणि ए-४ मुळीच नाही. ए-४ फायली शंभराच्या वर असतील आणि त्या खरोखर रोज वाचायच्या असतील, तर मात्र १०.३ इंचीवर जा. ते एका हातात धरून वाचायला जड आहे, हे दुकानात हातात घेऊन पाहा.

यंत्र आलं की परत करण्याची मुदत संपण्याआधी पाच फायली त्यावर चालवा: वर सांगितलेली चाचणीची ईपब, एक विकत घेतलेलं किंवा ग्रंथालयाचं कुलूपबंद पुस्तक, एक डेमी आकाराचं स्कॅन, एक ए-४ पीडीएफ आणि सगळ्यात जड फाइल. चाचणीच्या ईपबमध्ये ‘दुसऱ्याच्या’ हा शब्द शोधूनही बघा. दिसणं आणि शोधता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. रूपांतर केलेल्या प्रती वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि मूळ फाइल पुसू नका, कारण पुढच्या यंत्रासाठी रूपांतराचं रूपांतर करावं लागलं की तळटिपा आणि अनुक्रमणिका हमखास तुटतात.

तुमच्या पीडीएफपैकी ए-४ किती, डेमी किती आणि जुन्या फॉन्टातल्या किती, एवढं मोजून कळवलंत तर सात इंच घ्यावा की आठ, हेही नेमकं सांगता येईल.